सुपरहिरोची बायको लवकर मरते

बायको गेल्यावर पोरानं मला गावातून उचललं आणि चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये टीव्हीसमोर आणून बसवलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. बुढा एकटा राहिला तर जेवणार नाही, भिंतीकडे पाहत बसेल, असं त्याला वाटलं. आता इथं टीव्हीकडे पाहत बसतो. पोरगा पॉवर हाऊसच्या ड्युटीवर जातो, सून शाळेत शिकवायला जाते, आणि मी नातीसोबत सिनेमे पाहतो. नात कॉलेजात आहे, पण तिचं कॉलेज कधी असतं आणि कधी नसतं, ते मला अजून कळलेलं नाही. तिला सुपरहिरोचे सिनेमे आवडतात. माणसं गोरी, भाषा हिंदी, आणि दर थोड्या वेळानं एक शहर जमीनदोस्त.

मी चौथी शिकलो आहे. सून म्हणते, बाबा, तुम्हाला त्यातलं काही समजत नाही. नसेल समजत. पण एका बाईसोबत मी जन्म काढला आहे, तर बाईमाणूस कसं असतं ते थोडंफार मला ठाऊक आहे. ते सिनेमे काढणाऱ्यांना ठाऊक नाही, हे मला इथं लिहायचं आहे.

आधी कपड्यांचं सांगतो. गडी असतो तो पुरा लोखंडात. मान, गळा, छाती, सगळं झाकलेलं. गोळी लागली की टणकन उडते. त्याच टोळीतली बाई मात्र काळ्या चकचकीत चामड्यात शिवून काढलेली आणि पुढची चेन अर्धी उघडी. त्या उघड्या जागी गोळी मारायची नाही, असं दुश्मनासोबत काही ठरलेलं असेल. त्या चामड्यात ती उकिडवी कशी बसत असेल, ते कोणी दाखवत नाही. मे महिन्यात हे कपडे घालून चंद्रपुरात नुसतं बाजारातून भाजी आणून दाखव म्हणावं. घामोळ्यांनीच मरेल, दुश्मनाची गरज पडणार नाही.

आणि केस. जग बुडून राहिलं आहे, आग लागली आहे, आणि हिचे केस मोकळे. डोळ्यात जात नाहीत, तोंडात जात नाहीत, कशात अडकत नाहीत. माझी बायको चुलीवर भाताचं गंज ठेवायच्या आधी बुचडा बांधायची. भांडायच्या आधीसुद्धा बांधायची. तिचे हात मानेमागे गेले की मी चप्पल शोधायला लागायचो.

टोळीत पाचसहा गडी आणि एक बाई. पोस्टरवर गडी सारे समोर छाती काढून उभे, आणि ही बया अशी पिळून उभी की तिची छाती पण दिसावी आणि कुल्ले पण दिसावेत. चिंधी पिळतात तशी. मी नातीला म्हटलं, "हिची कंबर दुखत असन." ती म्हणाली, "आबाजी, तुमी स्टोरी पाहा ना." स्टोरी पाहिली. गड्यांमध्ये पांढऱ्या दाढीचे आहेत, टकले आहेत, पोट सुटलेले पण आहेत. बायांमध्ये एक पांढरा केस दिसत नाही. म्हातारी दिसलीच तर ती हिरोची आत्या असते. ती त्याला शहाणपणाचं एक वाक्य सांगते आणि मरते. आणि एखाद्या बाईत गड्यांपेक्षा जास्त ताकद निघालीच, तर ती ताकद तिच्या डोक्यात जाते, ती येडी होते, आणि मग ज्या गड्याचं तिच्यावर प्रेम असतं त्यालाच तिला मारावं लागतं. तो रडत रडत मारतो. मारतो मात्र नक्की.

पण माझं डोकं फिरलं ते बायकांच्या मरण्यावरून. म्हणजे हिरोच्या लग्नाच्या बायकोच्या. ती सुरुवातीला हसते, नवऱ्याला चहा देते, खिडकीत उभी राहते. खिडकीत उभी राहिली की मला कळतं, ही आता जाणार. जाते. हिरो तिला मांडीवर घेतो, आभाळाकडे तोंड करून ओरडतो, आणि तिथून त्याची ताकद सुरू होते.

मी नातीला विचारलं, "काऊन मारते हे दरवेळी तिले?"

"त्याले राग याले पाहिजे ना आबाजी. त्याशिवाय तो लढन कसा?"

"रागासाठी बायको मारा लागते काय? मले तं तुझ्या आईच्या चहानंच येते."

ती हसली. मी हसलो नाही. माझी बायको मागच्या थंडीत गेली. छाती भरली, दवाखान्यात नेलं, चार माणसं मरतात तशी मेली. मला कोणती ताकद आली नाही. माझे गुडघे गेले. भुकेची वेळ गेली. चष्मा कुठे ठेवला ते सांगणारं माणूस गेलं. आभाळाकडे पाहून मी ओरडलो नाही. बिलाच्या खिडकीत कोणाला तरी आधार कार्ड पाहिजे होतं, ते मी पिशवीत शोधत होतो. ज्यानं हे सिनेमे लिहिले, त्याची बायको जिवंत असावी. नाहीतर त्यानं लिहिलं नसतं.

असे दिवस चालले होते तेव्हा माझ्या चुलत भावाचा नातू क्वार्टरवर आला. गावातलाच पोट्टा. नागपूरला कॅमेऱ्याचं शिकला, आता लग्नाचं शूटिंग करतो, आणि फुरसतीत मोबाईलवर टाकायला छोटे सिनेमे काढतो. सोफ्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, "आबाजी, आपल्या झाडीपट्टीचा सुपरहिरो काढून राह्यलो. आजीच्या वाघावाल्या गोष्टीवर."

ती गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. इथं सांगितली पाहिजे.

मोह फुलतो तेव्हा आमच्याकडच्या बायका उजाडता उजाडता जंगलात जातात आणि झाडाखाली पडलेली फुलं वेचतात. फुलं वेचायची म्हणजे वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून आमच्या गावच्या बायकांचा एक कायदा होता. एक जण वेचायची नाही. तिनं झाडाला पाठ लावून सरळ उभं राहायचं आणि चारी बाजूला पाहायचं. तिला नुसतं 'उभी' म्हणत. निघताना विचारत, आज उभी कोण? घरी जाताना वेचणाऱ्या बायका तिच्या टोपल्यात आपला वाटा टाकत. त्या दिवशी दोघीच गेल्या होत्या, माझी बायको आणि माझ्या धाकट्या भावाची बायको. माझी उभी होती, तिची जाऊ वेचत होती. बांबूतून वाघ निघाला. माझ्या बायकोनं काठी उगारली, त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, आणि तो मागे फिरला. मी तेव्हा बल्लारपुरात होतो, कागदाच्या कारखान्यात बांबू उतरवायच्या कामावर. आठवडी सुट्टीला घरी आलो तेव्हा तिनं मला हे सांगितलं. पुढे मी ही गोष्ट पानठेल्यावर, सोयरिकीत, एसटीत, कुठे कुठे सांगितली त्याला हिशेब नाही.

"बेस," मी पोट्ट्याला म्हटलं. "काढ. पन काठी बराबर दाखव. तेंदूची होती."

"काठीचं असं आहे आबाजी, थोडा बदल केला. वाघ आजीले मारते."

मी टीव्हीचा आवाज कमी केला. "काय करते?"

"मारते. मंग तिचा नवरा, म्हंजे तुमीच, तिथी येता, वाघासंग लढता, वाघाचं रक्त तुमच्या अंगात जाते आन् तुमाले वाघाची ताकद येते. तुमालेच हिरो केलं आबाजी." मला आनंद होईल असं त्याला वाटत होतं. बल्लारपूरचा एक जिमवाला पोट्टा माझं काम करणार होता. त्याच्यासाठी पट्ट्यापट्ट्याचा ड्रेसही मागवून झाला होता.

"अन् बुढी कोन?"

आतून नात आली. आधी तिचं ओशाळलेलं तोंड आलं, मागून ती. "मी, आबाजी. मले मरायचा सीन गजब जमते म्हणते हा."

बागेत घेतलेली ट्रायल त्यानं मला मोबाईलवर दाखवली. नात वाकली आहे. केस मोकळे, पदर खोचलेला, पोट दिसतं आहे. मग ती ओरडते आणि हळूहळू, कापूस उडावा तशी, पाचोळ्यावर पडते. ओठाच्या कोपऱ्यात रक्ताचा एक थेंब. चेहरा असा स्वच्छ की आत्ताच धुतला. नाक तिचं तिच्या आजीचंच आहे. माझ्या बायकोला एकदा मरताना पाहिलं होतं मी. आता दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तेही म्हणे मला राग यावा म्हणून.

राग आला. मी त्या पोट्ट्याला जे बोललो त्यातलं निम्मं लिहिता येत नाही. "ते वाघानं मेली नाई," मी म्हटलं. "तिनं वाघ पळवला, घरी आली, आन् पुढं तुया बापाच्या लग्नात जेवली. तू मारणारा कोन बे?"

पोट्टा चिडला नाही. धंद्याचा आहे. म्हणाला, "मंग असं करू. आजीलेच पावर देऊ. देवी अंगात येते, डोळे लाल होते, ते उडते आन् वाघाले..."

"उडते?"

"क्रेननं उडवू."

"तिले एसटीत मळमळे," मी म्हटलं. "आन् देवीच आली असती तं मंग तिनं काय केलं? देवीनंच केलं ना सगळं."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. नात मात्र रुसली. दिवसभर बोलली नाही. जेवताना म्हणाली, "तुमाले काहीच पसंत नाई. आजी मेली तरी नाई पसंत, उडाली तरी नाई. मंग करू तरी काय मी?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला एक कळत होतं. आजची पोरं मोबाईलवर जे पाहतील तेच उद्या खरं होणार. मी काही फार दिवस राहत नाही. मग गावात कोणी विचारलं की ती बाई कोण होती, तर लोक सांगतील, वाघानं खाल्ली ती, जिच्या नवऱ्याला ताकद आली. तिचं तेवढंच उरेल. म्हणून मी म्हटलं, चला गावाला. जी तिथं होती तिलाच विचारा.

ती म्हणजे माझी भावसून, धाकट्या भावाची बायको. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भावसून भासऱ्यासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घेते, तोंड फिरवते, काही सांगायचंच असेल तर लेकराला सांगते, लेकरू नसेल तर भिंतीला. ती लग्न होऊन आली तेव्हापासून एका अंगणात राहिलो, पण तिचा पुरा चेहरा मी पाहिलेला नाही. मला भाजी वाढायची असली तर ती माझ्या बायकोला म्हणे, "बाई, इचारा, आनखी पाहिजे काय." आणि मी ताटासमोर बसलेलो.

आम्ही तिघं गावाला गेलो. अंगणात खाट टाकली. मी मध्ये बसलो, कोणी खोटं काही घुसवू नये म्हणून. पोट्ट्यानं कॅमेरा लावला. भावसून दाराच्या आड उभी राहिली.

"सांगा आजी, वाघ कसा आला?"

तिनं पदर आणखी पुढे ओढला.

"आजीनं काठी कशी उगारली?"

"मले आठवत नाई बापू," ती दाराला म्हणाली. "चहा ठेवते."

मी थक्क झालो. जिच्यासाठी माझी बायको वाघासमोर उभी राहिली, तिला आठवत नाही. पोट्टा माझ्याकडे वळला. "पाहा आबाजी. जे होती तिलेच आठवत नाई. मंग आपन काहीबी दाखवलं तं काय बिघडते?"

मी भावसुनेला नाही नाही ते मनात बोललो. तोंडानं बोलता येत नव्हतं, भासऱ्यालाही तोच कायदा. नात माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "आबाजी, तुमी उठा बरं इथून."

"काऊन? माया अंगणातून?"

"तुमी बसून राह्यले म्हणून ते बोलून नाई राह्यली. तुमाले कसं समजत नाई?"

मला समजलं नव्हतं. रखवालीला बसलो होतो मी, आणि जिनं पाहिलं तिचंच तोंड माझ्यामुळे बंद. उठलो, खाकरलो, दोघी ऐकतील अशा आवाजात म्हटलं की जरा शेताकडे जाऊन येतो. आणि गोठ्यामागे जाऊन बसलो. कुडाची भिंत आहे, सगळं ऐकू येतं. ते तिलाही माहीत असेल. पण दिसत नव्हतो, एवढं तिला पुरलं.

इतक्या वर्षांत तिचा मोकळा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाड आवाज आहे. आणि बाई बोलायला लागली तर थांबेना.

"काठी कुठची वो? काठी मायाजवळ होती, पाचोळा सरकवाले घेतली होती मी. तिच्या हातात काईच नोहतं. आन् शिव्या? ते बोललीच नाई. दातखिळी बसली तिची."

"मंग?" नात म्हणाली.

"मी वाकलेली. मले वाघ दिसलाच नाई, मले बाईचे पाय दिसत होते. थरथर, थरथर. मी म्हणलं, काय झालं वो बाई. तं तिनं माया डोक्यावर हात ठेवला. असा दाबला, मानच मोडते मले वाटलं. मले उठू देत नोहती, आन् सोता पडू नये म्हणून मलेच धरून होती. मंग मले समजलं काय आहे ते. मी डोळे मिटले."

"आन् वाघ?"

"मले काय माहीत. ऊन पाठीवर आलं तवरोक आमी तशाच. मंग तिचा हात ढिला झाला. मी पाह्यलं तं कोनी नाई. ते खाली बसली. पातळातच झालं होतं तिले. नाल्यावर जाऊन धुतलं आमी. मी रडून राह्यली, ते मले चूप करे. म्हणे, घरी सांगू नोको. तुया भासऱ्याले कळलं तं मोह बंद करन आपला."

पोट्ट्यानं विचारलं, "मंग काठीचं कोनी सांगतलं?"

"तिनंच. गावातल्या पोट्ट्याइनं वाघाचे पंजे पाह्यले, गोष्ट फुटली. मंग तिनं काठी जोडली, शिव्या जोडल्या. आमी दोघीच असलो का हासे ते. म्हणे, गड्याइले असंच सांगा लागते. काठी हाय म्हणलं का ते जाऊ देते. भेव लागला म्हणलं का दार लावते."

मी गोठ्यामागे शेणाच्या वासात बसून होतो. तेंदूची काठी मी पुऱ्या तालुक्याला सांगितली होती. आणि माझी बायको मला भाजी वाढत होती, माझ्या तोंडून तीच गोष्ट पाहुण्यांसोबत ऐकत होती, आणि एकदाही हसली नाही. मला जसा सिनेमा पाहिजे होता तसा तिनं बनवून दिला आणि आपला मोह वेचत राहिली. भांडावं म्हटलं तर आता कोणाशी भांडू. फोटोशी भांडून पाहिलं आहे, मजा येत नाही.

पण गोठ्यामागून उठलो तेव्हा एक पक्कं झालं होतं. काठीवाली बाई मला सिनेमावाल्यांनी दाखवली असती तर मी खूश होऊन टाळ्या वाजवल्या असत्या. हातात काही नाही, पाय लटपटतात, तोंडातून शब्द निघत नाही, पातळ ओलं, आणि तरी जागा सोडली नाही, अशी बाई त्यांच्या एका सिनेमात नाही. अशीला कोणता ड्रेस घालणार ते?

मी पोट्ट्याला म्हटलं, "आता आयकलं तसंच काढ. नाईतर काढू नोको."

"लोक पाहतील काय हे आबाजी? ॲक्शनच नाई त्यात. आन् हिरो कोन मंग?"

"हिरो बल्लारपुरात बांबू उतरवून राह्यला," नात म्हणाली. "त्याचं यात काई काम नाई."

असं माझं काम कटलं. जिमवाल्या पोट्ट्याला, ड्रेस मागवूनच ठेवला होता म्हणून, वाघ केलं. त्यानं बांबूमागून नुसतं पाहायचं होतं. तो रुसला म्हणे. भावसुनेनं कबूल केलं की ती जंगलात येईल, नातीला सगळं दाखवेल, हात कसा ठेवला, पाय कसे होते, आणि वेचणारी जाऊ ती स्वतःच होईल. अट एकच. ती तिनं नातीच्या हाती पाठवली. त्या दिवशी भासरे गावात नसावेत.

मी भांडलो. सिनेमा माझ्या बायकोचा, आणि मलाच हद्दपारी. पण गेलो. मोहाच्या दिवसांत, उजाडायच्या आत ते सारे जंगलात गेले आणि मी पहिल्या एसटीनं सावलीला, तालुक्याच्या गावी. तिथं मला काही काम नव्हतं. स्टँडवर बसलो. चहा प्यालो, तो वाईट होता. एका ओळखीच्यानं विचारलं, "कुठी चालले भाऊ?"

"कुठीच नाई."

"मंग इथी काऊन बसले?"

"घरून काढलं," मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि शेजारी बसून आपल्या सुनेचं सांगायला लागला. मी ऐकत नव्हतो. माझ्या डोळ्यासमोर ती पाचोळ्यावर कापसासारखी पडत होती. पोट्ट्याचं काय सांगावं, ऐनवेळी म्हणेल, आपण एक पडायचा सीन पण घेऊन ठेवू, लागला तर लागला. आणि नातीला पडायला आवडतं.

उन्हं कलली तेव्हा नात स्कूटीवर मला न्यायला आली. केस बुचड्यात बांधलेले, त्यात पाचोळा. तोंड उन्हानं काळवंडलेलं. स्कूटी स्टँडला लावून ती माझ्या शेजारी बाकावर बसली आणि चपला काढल्या.

"पडली काय?" मी विचारलं.

"नाई."

"त्यानं सांगतलं असन."

"सांगतलं. दोनदा सांगतलं. लहान आजी त्याले बोल बोल बोलली." ती पोटऱ्या दाबत होती. "लय वेळ उभं ठेवलं आबाजी. ऊन पाठीवर येईस्तोवर हालू नोको म्हणे. पाय असे दुखून राह्यले का काय सांगू."

"दुखतेत," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी चहा सांगितला.